न बुडालेल्या जहाजांचा इतिहास

समुद्रावरच्या युद्धांची पुस्तके उघडली की पानोपानी बुडणारी जहाजे भेटतात. कोणत्या पाणबुडीने किती टन माल तळाला धाडला, कोणत्या लढाईत किती तोफा धडाडल्या, याची मोजदाद इतिहासकारांनी बारकाईने केली आहे. पण जे जहाज हजार-बाराशे माणसे घेऊन बंदरातून निघाले, पंधरा दिवस पाणी कापत राहिले आणि दुसऱ्या खंडाच्या धक्क्याला जाऊन लागले, त्याच्या वाट्याला एखादी ओळ आली तरी पुष्कळ. युद्धकाळात सैन्य समुद्रापार कसे नेले जाते आणि वाटेत त्याची राखण कशी होते, याचा अभ्यास म्हणजे मुख्यतः अशा सुखरूप पोचलेल्या जहाजांचा अभ्यास. जे घडू नये म्हणून शेकडो माणसे रात्रंदिवस जागी राहिली आणि जे अखेर घडले नाही, त्याचा हा इतिहास आहे. 

विषयाचा आवाका तीन प्रश्नांत मावतो. काय न्यायचे, कशातून न्यायचे आणि कोणत्या वेळापत्रकाने, हा पहिला प्रश्न वाहतुकीचा. शत्रू कुठून येऊ शकतो आणि त्याला कसे रोखायचे, हा दुसरा प्रश्न संरक्षणाचा. या सगळ्याची किंमत कोणी मोजली, हा तिसरा प्रश्न. पहिल्या दोन प्रश्नांवर इंग्रजीत कपाटे भरतील इतके लिहिले गेले आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र मराठी मुलखातल्या कागदपत्रांत, गावांत आणि घरांत शोधावे लागते. मराठी वाचकाने या विषयाकडे वळावे असे मला वाटते ते यासाठीच.

किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत राहणाऱ्या वाचकाला हा विषय परका वाटू शकतो. वडनेर भोलजी हे बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातले, मलकापूर-नांदुरा रस्त्यावरचे गाव. इथून मुंबई बंदर पाचशे किलोमीटरांच्या घरात. पण १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला तेव्हापासून नांदुरा स्टेशनाचा फलाट आणि मुंबईचा धक्का एकाच रुळांनी जोडलेले आहेत. वऱ्हाडचा कापूस याच मार्गाने बोटीवर चढला. नागपूर-अमरावतीकडचा फौजेत भरती झालेला माणूस मुंबईच्या गोदीत उतरायचा तोही याच मार्गाने, भुसावळ, मनमाड, देवळाली, कल्याण करत. सैन्याच्या समुद्रप्रवासाचा पहिला टप्पा रेल्वेचाच असतो. डबे वेळेवर आले नाहीत तर जहाज खोळंबते, एक जहाज खोळंबले तर ताफा खोळंबतो आणि ताफा खोळंबला तर त्याच्यासाठी मागवलेली युद्धनौका अडकून पडते. सागरी युद्धाचा नकाशा किनाऱ्यावर संपत नाही, तो नांदुऱ्याच्या मालधक्क्यापर्यंत आत येतो.

आपल्या किनाऱ्याला हा विषय नवा नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्याचे पोर्तुगीज व्यापारी गलबतांचे काफिले लढाऊ नौकांच्या पहाऱ्यात खंबायतेपर्यंत नेत-आणत आणि कानडी किनाऱ्यावरून तांदूळही तसाच गोव्यात येई. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मालवणहून बसरूरवर स्वारी केली. तीन मोठी जहाजे आणि पंच्याऐंशी लहान गलबते या मोहिमेत होती, अशी नोंद इंग्रजांच्या पत्रव्यवहारात सापडते. जमिनीवरची फौज समुद्रमार्गाने दूरवर नेऊन अचानक उतरवायची, हे या स्वारीचे मर्म. परतीच्या वाटेवर उलट्या वाऱ्याने गलबतांना रखडवले. वारा, अंतर आणि वेळ यांचे गणित तेव्हाही सेनापतीच्या हुकमापेक्षा मोठे होते. पुढे वाफेच्या इंजिनाने वाऱ्याची सत्ता मोडली, पण त्याची जागा कोळसा, पाणी आणि वेळापत्रकाने घेतली.

अभ्यासाला सुरुवात करायला १९१४ इतके चांगले साल नाही. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि महिना संपण्याच्या आत हिंदुस्थानातून पहिली जहाजे निघाली. मुंबईची नवी अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, त्याच वर्षी खुली झाली होती. लाहोर डिव्हिजनचे सैनिक २६ सप्टेंबरला मार्सेय बंदरात उतरले. त्यांत खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यव शापेलच्या लढाईत या कंपन्यांची भयंकर हानी झाली. फ्रान्सच्या चिखलातल्या त्या लढाईविषयी बरेच लिहिले गेले आहे. खडकीच्या बराकीतून निघालेली माणसे तीन समुद्र ओलांडून, सुएझच्या कालव्यातून, अवघ्या काही आठवड्यांत तिथवर पोचली कशी, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

त्याच सुमारास ‘एम्डेन’ ही जर्मन क्रूझर बंगालच्या उपसागरात शिरली. १० सप्टेंबरपासून तिने एकामागून एक व्यापारी जहाजे पकडली, २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. एकट्या जहाजाने साऱ्या हिंदी महासागराची झोप उडवली. अशा वेळी राखणदाराने काय करायचे? त्याचे उत्तर नोव्हेंबरमध्ये मिळाले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक घेऊन अडतीस जहाजांचा ताफा कोलंबोकडे येत होता. ९ नोव्हेंबरच्या सकाळी कोकोस बेटावरच्या तारघराने अनोळखी जहाज आल्याचा संदेश धाडला. ताफा तिथून साठ मैलांच्या आतच होता. ‘मेलबर्न’ या क्रूझरचा कप्तान तेव्हा रक्षक जहाजांचा प्रमुख होता. क्षणभर त्यानेच मोहरा वळवला. मग आपली जागा ताफ्यापाशी आहे हे जाणून त्याने ‘सिडनी’ या दुसऱ्या क्रूझरला पाठवले. ‘इबुकी’ या जपानी क्रूझरने लढायला जाण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. ‘सिडनी’ने ‘एम्डेन’ला खडकावर चढायला भाग पाडले आणि ‘सिडनी’चे नाव अजरामर झाले. पण हा विषय शिकणाऱ्याने ‘मेलबर्न’ आणि ‘इबुकी’कडे पाहायला शिकले पाहिजे. विजय समोर दिसत असताना जे जागेवर राहिले, त्यांच्यामुळे अडतीस जहाजे निर्धास्त पुढे गेली.

आता मुंबईकडे येऊ. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून एक मोठा ताफा निघाला. त्यातल्या दोन मोहिमांची जहाजे इथे पाहू. एक तुकडी इराणच्या आखाताकडे वळली. जनरल डेलामेन यांच्या हाताखालच्या या सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती आणि ‘ओशन’ ही जुनी युद्धनौका राखणीला होती. ६ नोव्हेंबरला ही फौज शत-अल-अरबच्या मुखाशी फाओ इथे उतरली. मेसोपोटेमियाची मोहीम अशी सुरू झाली. पुढे १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. दुसरी तुकडी पूर्व आफ्रिकेला गेली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टांगा बंदरावर तिचा दारुण पराभव झाला. तिची जहाजेही सुखरूपच पोचली होती. पण सैनिक कित्येक आठवडे कोंदट जहाजांत कोंडलेले, समुद्र लागून गळून गेलेले, आणि त्यांना जमिनीवर पाय स्थिर करायलाही उसंत न देता लढाईत ढकलले गेले. एकाच बंदरातून, एकाच दिवशी निघालेल्या या दोन तुकड्या अभ्यासकाला पहिला मोठा धडा देतात. माणसे पोचवणे वेगळे आणि लढू शकतील अशा अवस्थेत पोचवणे वेगळे.

संरक्षणाचे शास्त्र समजायला गणिताची भीती बाळगायचे कारण नाही. एकत्र जाणारी जहाजे शत्रूला सोपी सापडतील, असे कुणालाही प्रथम वाटते. ब्रिटिश आरमारातल्या जाणत्या अधिकाऱ्यांनाही १९१७ पर्यंत तसेच वाटत होते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पाणबुड्यांनी साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडवली, तेव्हा नाइलाजाने ताफ्याची पद्धत स्वीकारली गेली आणि नुकसान उतरू लागले. कारण सोपे आहे. महासागर अफाट आहे. त्यात एक जहाज काय किंवा जवळजवळ चालणारी चाळीस जहाजे काय, दुरून दिसण्याच्या दृष्टीने दोन्ही ठिपकेच. चाळीस जहाजे चाळीस दिशांना विखुरली तर पाणबुडीला चाळीस संधी मिळतात, एकत्र गेली तर एकच. त्या एका संधीच्या वेळी राखणदारही तिथेच हजर असतात.

दुसरे गणित परिघाचे. जहाजे चौपट झाली तर ती समुद्राचा चौपट भाग व्यापतात, पण त्याभोवतीचा परीघ दुप्पटच होतो. म्हणून पहारेकरी दुप्पट पुरतात. दुसऱ्या महायुद्धात शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने अटलांटिकवरच्या नोंदी तपासल्या. चाळीसहून कमी जहाजांच्या ताफ्यांत शेकडा अडीच जहाजे बुडत होती, मोठ्या ताफ्यांत शेकडा एकच्या आसपास. अनुभवी खलाशांच्या समजुतीला आकड्यांनी उत्तर दिल्याचे हे नामी उदाहरण आहे. ताफ्याची किंमतही असतेच. शेगावहून पंढरपूरला निघालेली दिंडी जशी थकल्याभागल्या वारकऱ्याच्या पावलांनी चालते, तसा ताफा त्यातल्या सर्वांत संथ जहाजाच्या गतीने चालतो. मुंबई ते एडन हे अंतर सुमारे १,६५० सागरी मैल. ताशी दहा सागरी मैलांच्या गतीने त्याला सात दिवस लागतात. ताशी पंधरा मैल जाऊ शकणाऱ्या जहाजालाही ताफ्यात तेवढेच दिवस घालवावे लागतात.

या नियमाला अपवाद वेगवान जहाजांचा. ‘क्वीन मेरी’सारखी प्रवासी जहाजे इतकी वेगाने धावत की पाणबुडी त्यांना गाठू शकत नसे आणि रक्षक नौकांनाही त्यांच्याबरोबर राहणे जमत नसे. महासागराचा मधला भाग ती एकटी ओलांडत. जुलै १९४३ च्या एका फेरीत या एका जहाजावर सोळा हजारांहून अधिक माणसे होती. वेग हेच इथे संरक्षण होते. मात्र त्या संरक्षणाचे नियमही कठोर होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये याच जहाजाने स्वतःच्या रक्षणासाठी आलेल्या ‘क्युरासोआ’ या क्रूझरला धडक देऊन तिचे दोन तुकडे केले. तीनशेहून अधिक नौसैनिक मेले. सैनिकांनी भरलेले जहाज कोणत्याही कारणाने थांबवायचे नाही, असा हुकूम होता. ते थांबले नाही.

आता जहाजावर चढून जवळून पाहू. प्रवासी बोट सैन्यासाठी घेतली की आधी सुतार येतात. खालच्या मजल्यांवर लाकडी फळ्यांचे मांडव उभे राहतात, घोड्या-खेचरांसाठी अरुंद कप्पे बनतात. या कप्प्यांत जनावर पूर्ण प्रवासभर उभेच असते. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे समुद्र लागला की त्याचे हाल माणसाहून वाईट. दर दिवशी प्रत्येक जनावराला काही बादल्या गोडे पाणी लागते, म्हणजे हजार जनावरांचे जहाज ही तरंगती विहीरच असावी लागते. सैनिकांच्या स्वयंपाकाच्या चुली वेगवेगळ्या, आटा, डाळ, तूप, गूळ, तांदूळ यांचा शिधा ठरलेला. रात्र पडली की खिडक्यांना काळे पडदे लागतात, वर विडी पेटवायची मनाई असते. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालून ठरलेल्या होडीपाशी उभे राहण्याची कवायत रोज होते. पुढच्या-मागच्या जहाजांपासूनचे अंतर सांभाळत, इशाऱ्यासरशी सगळ्यांनी एकदम वळायचे आणि पुन्हा मूळ दिशेला यायचे, हा नागमोडी प्रवास दिवसरात्र चालतो. अंधारात, दिव्याविना, पावसाळी समुद्रात हे साधणे हे मोठे कसब होते.

ते कसब ज्यांच्या हाती होते त्यांच्यात आपली माणसे मोठ्या संख्येने होती. १९१४ मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी काम करत. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, जेवणाच्या दालनात गोव्याचे ख्रिस्ती, इंजिनघरात पंजाब आणि सरहद्द प्रांतातले आगवाले, अशी साधारण वाटणी होती. सारंग, टंडेल, सुकाणी, कसाब, भंडारी या हुद्द्यांची एक स्वतंत्र दुनिया होती. ती भरती, पगार, कर्ज आणि गावकी यांच्यावर उभी होती. टॉर्पेडो बहुधा इंजिनघराच्या बाजूला लागे, म्हणजे तळाशी कोळसा ओढणाऱ्याला वर येण्याची सवड सर्वांत कमी. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशी गृहातील स्मारकावर पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मरणनोंदवहीत व्यापारी जहाजांवरच्या सुमारे सहा हजार हिंदी खलाशांची नावे आहेत. एखाद्या मोठ्या रणभूमीवरच्या हानीशी तुलना व्हावी अशी ही संख्या आहे, तरी शालेय पुस्तकांत या माणसांना जागा नाही.

राखणदारांतही हिंदी नाविक होते. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही अगदी लहान होती. युद्ध संपता संपता तिचे मनुष्यबळ पंचवीस हजारांच्या पुढे गेले. ‘सतलज’, ‘जमना’, ‘गोदावरी’, ‘नर्मदा’ अशी नद्यांची नावे मिरवणाऱ्या या नौकांनी ताफ्यांची राखण केली. त्यांतली एक घटना बारकाईने पाहण्याजोगी आहे. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘बंगाल’ ही नवी छोटी नौका ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला घेऊन ऑस्ट्रेलियाहून येत होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन मोठी जपानी जहाजे सामोरी आली. त्यांतल्या ‘होकोकू मारू’वर १४० मिलिमीटरच्या सहा तोफा होत्या, ‘बंगाल’वर ७६ मिलिमीटरची एक. कप्तान विल्सन यांनी ‘ओंदिना’ला निसटायला सांगून आपली नौका सरळ शत्रूवर घातली. ‘होकोकू मारू’ पेटली, तिच्यात स्फोट झाले आणि ती बुडाली. नेमका कोणाचा गोळा लागला यावर ‘बंगाल’ आणि ‘ओंदिना’ दोघांचाही दावा राहिला. लहान नौकेने मोठ्या शत्रूवर चालून जायचे ते त्याला हरवण्यासाठी नव्हे, तर मागच्या जहाजाला वेळ मिळवून देण्यासाठी. राखणदाराचा हा धर्म इतक्या स्पष्टपणे फार थोड्या प्रसंगांत दिसतो. दोन्ही जहाजे वाचली. आणि अशाच नौकांवर घडलेल्या नाविकांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळापासून उठाव केला. युद्धात त्यांनी काय केले हे कळल्याशिवाय त्यांचा संताप कळत नाही.

संरक्षण नसले तर काय होते तेही नोव्हेंबर १९४२ मध्येच दिसले. ‘तिलावा’ ही प्रवासी बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे एकटीच निघाली. तीन दिवसांनी जपानी पाणबुडीने तिला बुडवले, २८० माणसे गेली. आणि संरक्षण असूनही काय घडू शकते हे ‘खेदिव इस्माईल’ने दाखवले. मोंबासाहून कोलंबोला निघालेल्या पाच सैन्यवाहू जहाजांच्या ताफ्यातले हे जहाज १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मालदीवजवळ अवघ्या दोन मिनिटांत बुडाले. जवळपास १,३०० माणसे मृत्यू पावली. पाणबुडी खालीच होती आणि वरती पाण्यात वाचलेली माणसे पोहत होती. रक्षक विनाशिकांनी उरलेल्या चार जहाजांसाठी त्या माणसांच्या आसपासच पाण्याखाली फुटणारे बॉम्ब फेकले. या प्रसंगाचा न्याय करायची घाई अभ्यासकाने करू नये. पण हा विषय म्हणजे नुसते अंतर आणि वेगाचे हिशेब नव्हेत, हे त्याने कायम ध्यानात ठेवावे.

बंदरात जहाज लागले की राखण संपली, असेही मानू नये. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज ताफ्यांच्या संरक्षणात महासागर ओलांडून मुंबईला आले. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत त्याला आग लागली आणि दोन स्फोटांनी गोदी उद्ध्वस्त केली. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. शत्रूला हजारो मैल जे जमले नाही ते माल रचण्यातल्या आणि उतरवण्यातल्या ढिलाईने केले.

परतीची वाट तर बहुतेक पुस्तके विसरूनच जातात. १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियातल्या तेसिफोनच्या लढाईतले जखमी नदीच्या बोटींवरून बसऱ्याला आले, तेव्हा ‘वरेला’ या इस्पितळ-जहाजावरचे मेजर कार्टर यांनी त्यांची विदारक अवस्था पाहून वरिष्ठांकडे तक्रार केली. पुढे चौकशी आयोग बसला आणि १९१७ च्या त्याच्या अहवालाने लंडन हादरले. मुंबईत आलेल्या जखमींसाठी तेव्हाच बांधून झालेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या इमारतीत लष्करी इस्पितळ होते. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहायला जाणाऱ्याने हेही आठवावे.

आता वऱ्हाडच्या शेताकडे. जहाजातली जागा ही युद्धकाळातली सर्वांत दुर्मीळ वस्तू. ती सैन्याला दिली की कुणाच्या तरी मालाला मिळत नाही. १९१४ मध्ये युरोपच्या बाजारपेठा बंद झाल्या, बोटी मिळेनात, आणि कापसाचे भाव कोसळले. दुसऱ्या महायुद्धात जपानशी व्यापार तुटला तेव्हा आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईकच गेले. तो कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला सागरी युद्ध खामगावच्या बाजारात भेटले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथला तांदूळ यायचा थांबला. १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने हिंदी महासागरातल्या जहाजफेऱ्या निम्म्याहून खाली आणल्या आणि बंगालच्या दुष्काळात बाहेरून धान्य आणण्याचा मार्ग आणखी आखडला. बेहरेन्स यांनी १९५५ मध्ये लिहिलेल्या युद्धकालीन व्यापारी जहाजांच्या इतिहासात या निर्णयांचे धागेदोरे उलगडले आहेत. सैन्य सुखरूप पोचवण्याची किंमत समुद्रावर नसलेल्या माणसांनीही मोजली, हे त्यातून दिसते.

अभ्यास कुठून सुरू करावा? घरापासून. मराठी मुलखातल्या अनेक गावांत चावडीपाशी किंवा शाळेच्या भिंतीत, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले आणि इतके परतले नाहीत, असे सांगणारी संगमरवरी पाटी असते. पहिल्या महायुद्धाचे पदक कुणाच्या पेटीत असेल तर त्याची कड भिंगाखाली धरावी. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पलटण कळली की तिची युद्धदैनंदिनी शोधता येते. ती कोणत्या दिवशी कोणत्या जहाजावर चढली, कुठे उतरली, हे त्यात बहुधा सापडते. दुसऱ्या महायुद्धातल्या ताफ्यांची नावे ही एक सोपी लिपी आहे. ‘बीएन’ म्हणजे मुंबई ते सुएझ, ‘बीएम’ मुंबई ते मलाया, ‘बीपी’ मुंबई ते इराणचे आखात. आर्नल्ड हेग यांनी या ताफ्यांची कष्टाने जुळवाजुळव केली आहे. सैनिकांची सेन्सॉरने उतरवून घेतलेली पत्रे लंडनमध्ये आहेत. त्यांत उर्दू, गुरुमुखी, हिंदी पत्रांचा भरणा जास्त, म्हणून मराठीतला कुठलाही घरगुती कागद मोलाचा. मुंबईचे राज्य अभिलेखागार, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांची दारे उघडी आहेत. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन केली. ते स्वतः ‘डफरिन’वर घडलेले. आणि ‘डफरिन’ तरी काय, फौजा वाहण्यासाठीच बांधलेले जहाज, जे १९२७ पासून माझगावला प्रशिक्षण नौका म्हणून उभे राहिले.

नव्या अभ्यासकांसाठी मोकळे रानही पुष्कळ आहे. १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या १११व्या महार पलटणीपासून १९४१ च्या महार रेजिमेंटपर्यंत ज्या कुटुंबांनी फौजेत माणसे दिली, त्यांच्या घरांत समुद्रप्रवासाच्या कोणत्या आठवणी उरल्या? इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ज्या मराठा पलटणींचे, त्या पलटणी भूमध्य समुद्रापर्यंत कोणत्या ताफ्यांतून गेल्या? रत्नागिरीच्या कोणत्या गावांतून कोणत्या सारंगाने किती माणसे बोटीवर नेली? यांची उत्तरे इंग्रजी पुस्तकांत मिळणार नाहीत. मोडी वाचणारा, कोकणी समजणारा, वऱ्हाडी म्हाताऱ्यांशी ओसरीवर बसून बोलू शकणारा संशोधकच ती देऊ शकेल.

हा विषय जुना झालेला नाही. ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदल एडनच्या आखातात चाच्यांपासून व्यापारी जहाजांची राखण करत आहे. जून २०१९ मध्ये ओमानच्या आखातात ‘ऑपरेशन संकल्प’ सुरू झाले. शेतातल्या पंपाचे डिझेल, खताचा कच्चा माल, परदेशी जाणारी सरकी-पेंड, सगळे अशाच वाटांनी येते-जाते. त्या वाटा खुल्या राहतात तेव्हा बातमी होत नाही. बातमी होत नाही म्हणून श्रेयही मिळत नाही, आणि श्रेय नाही म्हणून नौका, माणसे आणि पैसा मागताना नौदलाचे म्हणणे दुबळे पडते. न घडलेल्या आपत्तीचे मोल समाजाला समजावून सांगणे हे या अभ्यासशाखेचे आजचे काम आहे.

म्हणून वाचकाला एकच विनंती. यापुढे एखाद्या लढाईचे वर्णन वाचाल तेव्हा तिथे थांबू नका. हे सैनिक इथवर कोणत्या बंदरातून आले, त्यांच्यापुढे आणि मागे कोणती जहाजे होती, जहाजाच्या तळाशी कोळसा कोण ओढत होते, त्यांना जागा देण्यासाठी कोणाचा माल धक्क्यावर पडून राहिला, आणि परत किती आले, हे पाच प्रश्न विचारा. पाचांपैकी दोनांची उत्तरे जरी तुम्ही पुराव्यानिशी लिहून काढलीत, तरी तुम्ही या शाखेचे वाचक न राहता अभ्यासक झालात असे समजा. मराठीत अशा अभ्यासकांची फार गरज आहे.

वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा